दाराला लावायचं तेल

आईला जेवायला घालण्यासाठी मी रंगाच्या दुकानातून तेल विकत आणलं.

हे मी स्वतःहून सांगतोय, कारण मी नाही सांगितलं तर माझी बायको सुजाता सांगते, आणि ती मीठमसाला लावून सांगते.

पण आधी निघण्याची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी मुंबईला निघालो तेव्हा बाबांनी एसटीच्या खिडकीतून एक बाटली आत सरकवली. जवसाचं तेल. आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा जवस, गावातल्या घाण्यावर गाळलेला. बाबा एवढंच म्हणाले, "बाजारातलं तेल खाऊ नको रे बापा. लोकं त्यात काय मिसळवतेत, का मालूम." बस हलली, बूच सुटलं आणि माझे तिन्ही शर्ट जवसाच्या वासाचे झाले. त्याच वासात मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मुलाखतीला गेलो. नोकरी मिळाली. त्यांना वाटलं असावं, पोरगा मशीनमध्ये काम करूनच आलाय.

मुलुंडच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाकीचे तिघं त्या बाटलीला 'गावठी सेंट' म्हणायचे. गावाहून कोणी आलं की बाबा नवी बाटली पाठवायचे, मी फोनवर "झकास, संपलंसुद्धा" म्हणायचो आणि ते तेल बिल्डिंगच्या गेटच्या बिजागऱ्यांना घालायचो. दिवसभर लिफ्टला ग्रीस लावणारा माणूस मी, मला काय शिकवता! पहिले काही दिवस गेट लोण्यासारखं फिरलं. मग हळूहळू घट्ट झालं आणि एका सकाळी अख्खी बिल्डिंग ऑफिसला जायला खाली उतरली तर गेट उघडेचना. जवसाचं तेल हवेत वाळतं आणि चिकटतं, हे मला तेव्हा कळलं. कोणाचं काम हे, ते मात्र बिल्डिंगला आजवर कळलेलं नाही. आता कळेल.

पुढे लग्न झालं, मुलुंडलाच फ्लॅट झाला, स्वयंपाकघरात रिफाइन्ड तेलाच्या पिशव्या आल्या. पाण्यासारखं स्वच्छ, ना रंग ना वास. मला ती प्रगती वाटायची.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि मी आईला इकडे आणलं. तिच्यासाठी खिडकीजवळ पलंग टाकला, टीव्हीवर मराठी चॅनेल लावून दिले. आई तक्रार करायची नाही, पण जेवायचीही नाही. अर्धी भाकरी, की "पोट भरलं ना बापा." तिचे ब्लाउज सुजाताने दोनदा टीप मारून आत घेतले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, फक्त आजी जेवत नाहीत. एक दिवस आईने पिशवी भरायला घेतली. "रविवारचं तिकीट काढून दे." गावच्या घराला कुलूप, शेजारही पांगलेला. तिथे एकटीने अर्धी भाकरी खाऊन ती किती दिवस काढणार होती?

मी खूप खनपटीला बसलो तेव्हा म्हणाली, "भाजीले वासच नाही रे तुमच्या घरी. भाकर, तिखट अन् वरून जवसाचं तेल, एवढंच पाह्यजे होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आमची तेलाची पिशवी नाकाला लावली. खरंच की. शेंगदाण्याला वास, तिळाला वास, जवसाला तर तीन मजले वास. मग तेलाचा वास जातो कुठे? हे कोडं डोक्यात बसलं. वाचत सुटलो. कळलं ते असं, की रिफाइन्ड करताना बहुतेक वेळा बियांमधून तेल रसायनाने ओढून घेतात, मग त्याचा रंग काढतात आणि शेवटी भरपूर तापवून वास काढतात. म्हणजे वास काढायला वेगळा कारखाना, आणि आम्ही त्यावर फोडणीत हिंग घालून वास आणणार!

त्या भरात स्टेशनजवळच्या एका दुकानावर पाटी दिसली: 'अळशीचे तेल मिळेल'. अळशी म्हणजेच जवस, हे मला ठाऊक होतं. ते रंगाचं दुकान आहे, हे मला दिसलं नाही. दुकानदाराने विचारलं, "घरचंच काम आहे ना?" मी म्हटलं, "हो, घरचंच." "मग डबल बॉइल घ्या, एक नंबर." मला वाटलं, दूध दोनदा उकळतो तसं असेल. जास्त शुद्ध.

घरी आईने झाकण उघडलं, हुंगलं आणि बंद केलं. "हे तं दरवाजाले लावाचं तेल हाये."

सुजाताने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "अरे यार, तू आईंना वॉर्निश खायला घालत होतास? वाट लागली असती ना!"

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण जेवली अर्धीच भाकरी. तिकीट रविवारचंच होतं.

शनिवारी सुजातानेच आम्हाला घराजवळच्या एका लाकडी घाण्यावर चालत नेलं. चकचकीत दुकान, काचेमागे विजेवर फिरणारा लाकडी घाणा. ज्या वासाची मला वीस वर्षं लाज वाटत होती, तो वास घ्यायला बाहेर गाड्या लावून लोक उभे होते. मीही रांगेत असा उभा राहिलो, जणू शोध माझाच.

आई रांगेत थांबलीच नाही. सरळ आत घाणेवाल्याकडे गेली, पोत्यातले चार दाणे तोंडात टाकले आणि चावत म्हणाली, "भाऊ, जवस जुना हाये."

"आजी, एक नंबर माल आहे."

"माल चांगला हाये. पन जुना हाये. याचं तेल खवट लागन."

घाणेवाल्याने स्वतः चार दाणे चावले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मंगळवारी नवा येतोय. तुम्ही बघायला याल का, आजी?"

मग आईने सुजाताला तिथेच शिकवणी दिली. फोडणीला शेंगदाण्याचं. जवसाचं तापवायचं नाही, वरून घ्यायचं, लहान बाटली आणायची, फ्रिजमध्ये ठेवायची. "अन् घान्याचं हाये म्हून ओतत नको बसू." नंतर डॉक्टरांनीही नेमकं हेच सांगितलं आणि फी घेतली.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कोणी विचारलं की पूर्वी मी झटकन गावाचं नाव घ्यायचो. त्या दिवशी शेंगदाणा तेलाची बाटली घेऊन परत येताना आई पुढे चालत होती, वळणं न विचारता, बरोबर आमच्याच बिल्डिंगकडे. आपल्या माणसाला जिथे पुढच्या आठवड्यात काहीतरी काम आहे, ते घर, असं मला वाटलं.

रात्री फोडणीचा वास जिन्यापर्यंत गेला. आईने दीड भाकरी खाल्ली. मी भीत भीत विचारलं, "मग आई, तिकीट रद्द करू? माझ्यासाठी राहतेस ना?"

"तुह्यासाठी कोन राह्यते?" आई ताट उचलत म्हणाली. "मंगळवारी जवस येनार हाये."