मराठी बोलणारा माणूस पाठवतो

सांगतो, पण आधी कबूल करा, हसायचं नाही. आणि आमच्या घरी आलात तर हा विषय काढायचा नाही. तिथं तो रोज निघतोच, तुमची भर नको.

तर मी म्हैसूरचा. आमचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. आता घोडं गेलं, दळ गेलं, राहिलो मी, हायस्कुलात गणिताचा मास्तर, गावातल्याच विजयनगर भागात घर. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही एकदम. माझ्यात दोष असा एकच, जरा तापट आहे. 'एकच?' असं आमची ही विचारते, पण तिचं सोडा.

ह्या तापटपणापायी आमच्या वीणाची दोन स्थळं हातची गेली. पहिल्या वेळी मुलाचे मामा म्हणाले, म्हैसूर पाक कडकच असायला हवा. म्हैसुरात बसून मला सांगतात! मी म्हटलं, "मग चार वड्या जास्त घेऊन जावा, कंपाउंडला लावायला होतील." मामा उठले, त्यांच्यामागं सगळेच उठले. दुसऱ्या वेळी मुलाच्या आईबद्दल माझं मत मी हिला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. आता माझं हळू म्हणजे किती, हे मी वर्गात चाळीस पोरांपुढं तीस वर्षं बोललोय त्यावरून ओळखा!

तिसरं स्थळ आलं कोल्हापूरच्या पवारांचं. आई, वडील, मुलगा आणि मुलाची धाकटी बहीण, असे चौघं यायचे होते. मुलगा इंजिनियर, पण जीव पक्ष्यांच्या फोटोत. आणि आमची वीणा रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन कुक्करहळ्ळी तळ्यावर जाऊन बसणारी. असं स्थळ परत मिळतंय होय? मुलानं पाठवलेल्या फोटोत मात्र त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. दिसत होती फक्त हनुवटी. वीणा बराच वेळ बघून म्हणाली, "हनुवटी बरी आहे."

ज्या दिवशी ते यायचे त्या सकाळी हिनं मला देवासमोर उभं केलं. "चामुंडीची शपथ घ्या. आज तोंडाला कुलूप. पाहुणे म्हणतील तसं वागायचं. बस म्हणाले तर बसायचं, ऊठ म्हणाले तर उठायचं."

"आणि चुकीचं काही बोलले तर?"

"तर ते बरोबर!"

घेतली शपथ. पोरीचा प्रश्न होता. ह्या वेळी माझ्यामुळं मोडलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्या घाईत फोन फ्रिजवर चार्जिंगला राहिला. तिथंच शनी माझ्यामागं लागला म्हणा ना.

स्टेशनवर पोचलो, बेंगळूरची गाडी आली. आता ओळखायचं कसं? तशी काळजी नव्हती. हिनं पवारांना फोनवर सांगूनच ठेवलं होतं, "हे स्टेशनवर येतील, मराठी बोलतील." आमच्या म्हैसूरच्या स्टेशनात अस्सल महाराष्ट्राची मराठी कानावर पडली की समजावं, हे कुणाचे तरी पाहुणे. कुणाचे तरी म्हणजे कुणाचे, एवढंच विचारायचं असतं. तेवढंच मी विचारलं नाही.

चौघं बाहेर आली. मिशाळ काका, जाड भिंगाच्या चष्म्यातल्या काकू, तरुण मुलगा, तरुण मुलगी. मुलाच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा! मी हनुवटी बघितली. बरी होती.

"नमस्कार! या, या, तुमचीच वाट बघत होतो," मी म्हटलं.

काकांचा चेहरा फुलला. "वा, छान मराठी बोलता की तुम्ही! आम्हाला म्हणालेच होते, मराठी बोलणारा माणूस पाठवतो. धरा ही बॅग."

धरली. चारही बॅगा धरल्या. वरपक्ष आहे बाबा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "घरी जाऊन आधी नाश्ता..."

"नाश्ता गाडीत झाला," काका म्हणाले. "आधी रंगनतिट्टू. ऊन चढायच्या आत पक्षी बघायचेत ह्याला."

मी मनात म्हटलं, बघा, मुलगी बघायला आलेत आणि आधी पक्षी! पण शपथ आठवली. शिवाय मुलाचा छंद खरा निघाला, ह्याचा आनंदच झाला. घरी कळवावं तर फोन नाही. काकांचा मागावा तर हिचा नंबर कुठं पाठ आहे? सतराचा पाढा विचारा, एकोणतिसाचा विचारा, सांगतो. बायकोचा नंबर? अय्यो!

वाटेत काय थाट सांगू! "एसी वाढवा." वाढवला. "जरा थांबवा, उसाचा फोटो." थांबवली. उसाचा फोटो! कोल्हापूरचे लोक ऊस बघायला म्हैसुरात थांबतात, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. "नारळपाणी आणा, मलईवालं." आणलं. एकात मलई निघाली नाही, तर परत पाठवलं. मी परत गेलो. आता तुम्ही म्हणाल, अहो, असं कुठले पाहुणे वागतात? मुलीचा बाप होऊन बघा, मग कळेल. मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मुलगा आणि त्याची बहीण. बहिणीच्या डोळ्यावर केस आले, भावानं बाजूला केले. नारळपाण्याला स्ट्रॉ दोन, पण दोघं एकाच नारळातनं पितात. मी म्हटलं, काय माया! आमच्या बहिणीनं माझ्या ताटातलं फक्त चोरलं. नशीबवान आहे वीणा, माणसं प्रेमळ दिसतात.

रंगनतिट्टूला नावेत बसलो. कावेरीच्या मधल्या बेटांवर झाडं, आणि झाडांवर पानं कमी, पक्षी जास्त. गुलाबी शेपटीचे करकोचे, चपट्या चोचीचे चमचे, पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे. आदल्या रात्री वीणानं माझ्याकडनं सगळी नावं घोकून घेतली होती. मी धडाधड सांगत सुटलो. काकू खूश. "किती माहिती आहे हो ह्यांना!" मला वाटलं, जमलंच! मनातल्या मनात मी मांडवसुद्धा घातला.

तेवढ्यात खडकावरची एक मगर सरकन पाण्यात उतरली. ती मुलगी किंचाळली आणि त्या मुलाच्या गळ्यातच पडली. काकू हसून मला म्हणाल्या, "आमच्या सूनबाई फार भित्र्या."

सूनबाई?

मी म्हटलं, "म्हणजे... हिचं सासर कुठलं?"

"अहो, आमचंच! वैशाखात ह्या दोघांचं लग्न केलं ना. फिरायला जायचं राहिलंच होतं, म्हटलं सगळेच जाऊ."

डोक्यात काय झालं ते आता काय सांगू तुम्हाला! वैशाखात लग्न झालेला मुलगा माझ्या पोरीला बघायला आलाय! बरोबर बायकोला घेऊन! आणि आईबाप शेजारी बसून नारळपाणी पितायत! मी ताडकन उभा राहिलो. नाव डुगडुगली. नावाडी ओरडला, "सार, अल्लाडबेडी! कूतकोळ्ळी!" म्हणजे हलू नका, बसा. बसलो. शेजारी मगर नसती तर त्या दिवशी नावेतच सोक्षमोक्ष लागला असता.

नावेत बसूनच मी ठरवलं. इथं भांडण नाही. ह्यांना सरळ घरी न्यायचं आणि हिच्यासमोर, वीणासमोर उभं करायचं. माझ्या तोंडाला कुलूप घालतात काय? आज कळेल सगळ्यांना, हे तोंड किती कामाचं आहे!

परतीच्या वाटेवर काकांनी विचारलं, "जेवणाची सोय कुठं?"

"घरी," मी दात आवळून म्हटलं. "माझ्या घरी. सगळ्यांसमोर."

"अरे वा, घरगुती!" काका मागं वळून म्हणाले. "ऐकलंत का, हॉटेल नाही, घरगुती आहे!"

काय हा निर्लज्जपणा! मी गिअर असा टाकला की काकूंचा चष्मा नाकावरनं खाली आला.

घरासमोर गाडी थांबवली. दारात चपलांचा ढीग. म्हटलं, बरं झालं, शेजारचेही आलेत, साक्षीला होतील. तरातरा आत शिरलो. वीणा नुकतीच कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. कोण कुठं बसलंय, काही बघितलं नाही. दारात उभा राहून गरजलो:

"वीणा, आत जा! हे स्थळ नको आपल्याला! मुलाचं लग्न झालेलं आहे!"

मग मला सोफा दिसला. सोफ्यावर चार माणसं. आई, वडील, तरुण मुलगी आणि मांडीवर कॅमेरा घेतलेला एक तरुण मुलगा. त्याची हनुवटी थरथरत होती.

"माझं?" तो म्हणाला.

त्याच्या आईच्या हातातली बशी कलंडली. "काय रे? कधी?"

"आई, नाही गं! देवाशप्पथ नाही! अगं, मला झोपेतनं उठवून विचार!"

इकडं माझ्या पाठीमागं दुसरा स्फोट. सूनबाईंनी नवऱ्याचा दंड धरला होता. "कुणाचं स्थळ? तू मला इथं मुलगी बघायला घेऊन आलास?"

"अगं, मी पक्षी बघायला आलोय!"

काका माझ्या खांद्यावर टकटक करून विचारत होते, "हात कुठं धुवायचे?"

दोन घरांना एका दमात आग लावायची म्हणजे खायचं काम नाही. मी भिंतीला टेकलो. तेव्हा माझ्याच वेताच्या खुर्चीत बसून माझ्या वाटणीचा केसरीबात, म्हणजे आपला शिरा, खाणारा पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ उठला. हात जोडून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सार, मी वेंकटराव. टूरिस्ट गाईड. नाशिकचे माझे चार पाहुणे सकाळपासून सापडत नाहीत. तुमच्याजवळ हैत काय?"

तर झालं होतं ते असं. माझ्यामागचे चौघं नाशिकचे. त्यांनी मराठी बोलणारा गाईड सांगितला होता, आणि भेटलो मी. खरे पवार मागच्या डब्यातनं उतरले, तेव्हा मी नाशिक घेऊन पसार झालो होतो. त्यांनी माझ्या फोनवर फोन केला, तो फ्रिजवर वाजला. हिनं उचलला आणि म्हणाली, "ते तिथंच आहेत, मराठी बोलणारे!" बरोबर त्याच वेळी बिचारे वेंकटराव मराठी ऐकून पुढं झाले. "या, या, तुमचीच वाट बघत होतो." माझंच वाक्य! आमच्या गावात मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला नाव विचारतच नाही, त्याचं हे फळ.

पवार म्हणाले, आधी घरी. वेंकटरावांनी विचारलं, घर कुठं? वीणानं पाठवलेला पत्ता पवारांनी दाखवला. मुलीचा बाप स्वतःच्या घराचा पत्ता विचारतो, ह्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं, शिस्तीचे दिसतात, मॅप लावून चालवतात. घरी हिनं दार उघडलं तेव्हा घोळ कळला. तिथनं पुढं सगळे मिळून मला शोधत होते, आणि मी कावेरीत मगरींमध्ये शपथ पाळत होतो.

जेवायला बारा माणसं बसली. नाशिककरांना उपाशी कसं पाठवायचं? सूनबाईंची समजूत वीणानं काढली. काका सोलकढी मागत होते. आमच्या घरी सार होतं, ते तीनदा घेतलं आणि म्हणाले, "गाईड तापट आहे, पण जेवण एक नंबर." ही माझ्याकडं बघत नव्हती. ती ओरडते तेव्हा भीती नसते. बघत नाही, तेव्हा संपलं.

मी पानावर मान खाली घालून बसलो होतो. तिसरं स्थळ. ते पण माझ्याच तोंडानं. वीणा वाढायला आली तर तिच्या तोंडाकडं बघवेना, खरं सांगतो. अख्ख्या दिवसात आनंदात होते ते दोन्ही कॅमेरेवाले. एकमेकांना फोटो दाखवत बसले होते, आणि मध्ये वाकून वीणा सांगत होती, "हा करकोचा नाही, चमचा."

जेवणं झाली. पवार सुपारी कातरत म्हणाले, "मास्तर, बसा."

बसलो. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. मुलाचंही तेच म्हणणं. वीणालाही विचारलं, ती हो म्हणाली."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. मी म्हटलं, "पवारसाहेब, मी एवढा घोळ घातला, एवढं वाट्टेल ते बोललो, तरी तुम्ही..."

"त्याचं असं झालं," पवार हिच्याकडं बघून जरा घुटमळले. "स्टेशनवरनं येताना मी गाडीतनंच कोल्हापूरला आमच्या थोरल्या भावाला फोन केला. ह्या वेंकटरावांनी चारही बॅगा उचललेल्या, बायकांना मोगऱ्याचे गजरे घेऊन दिलेले, उन्हात छत्री धरलेली, तोंडातनं उणा शब्द नाही. मी भावाला सांगून टाकलं, मुलीचे वडील म्हणजे देवमाणूस, सोयरीक ठरली असं समज. शब्द दिला तो दिला. आता मागं कसा घेणार?"

तर असं लग्न जमलं बघा वीणाचं. मुलीचे वडील पसंत पडले म्हणून जमलं.

लग्नात वेंकटराव पहिल्या रांगेत होते. त्यांना फेटा मी माझ्या हातानं बांधला. आणि वऱ्हाडाला आणायला स्टेशनवर कुणी जायचं, ह्यावर आमच्या घरी चर्चासुद्धा झाली नाही. हिनं त्यांनाच पाठवलं. मला फ्रिजपाशी बसवलं, फोन उचलायला.