चौदाव्या प्रश्नाचे पर्याय

मनवेलपाड्याच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला शिकवत होते. शाळेत नुकतेच सहा कॉम्प्युटर आले होते. पाठोपाठ एक विक्रेता सीडी देऊन गेला. मुलांचं समुपदेशन आणि व्यक्तिमत्त्व विकास, दोन्ही म्हणे त्या सीडीतून होणार होतं. मी मे महिन्याच्या सुट्टीत समुपदेशनाचा छोटा कोर्स केला होता, म्हणून मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुम्हीच तपासा. मुलांना बसवून बघा आणि घ्यायची की नाही ते लिहून द्या."

मी हुरळून गेले. वही आखली. भाषा सोपी आहे का, अक्षरं नीट दिसतात का, मुलं कुठे अडतात, सगळं टिपायला लागले.

दहावीतली एक मुलगी चौदाव्या प्रश्नावर अडली. अबोल, पण निबंध सुंदर लिहायची. प्रश्न होता, 'मन उदास असलं की तुम्ही कोणाशी बोलता?' खाली आई, वडील, मैत्रीण, शिक्षक असे चार पर्याय.

"बाई, यात 'कोणीच नाही' असं नाहीये."

"अरे हो की!" मी वहीत लिहिलं, 'प्र. १४, पर्याय अपुरे.' विक्रेत्याची चूक सापडल्याचा आनंदच झाला मला. तिला म्हटलं, "तू सध्या मैत्रीण टाक. त्याशिवाय पुढे जाणार नाही ते."

तिने मुकाट्याने मैत्रीण टाकलं. शेवटी पडद्यावर आलं, 'अभिनंदन! तुम्ही मनमोकळ्या आहात.' ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. मी पुढच्या मुलाला बोलावलं.

माझा अहवाल मुख्याध्यापकांना फार आवडला. शिक्षकांच्या सभेत त्यांनी तो वाचून दाखवला, चौदावा प्रश्नसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. आठवडाभर वाट पाहून मी तिच्या चाळीत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आई पावसाळ्यापासून अंथरुणावर होती ना तिची. पोरगी पहाटे उठून सगळं करायची, मग शाळेत पळायची. आता गावी गेलेत सगळे. तुम्हाला नाही सांगितलं तिने?"

मी त्यांच्याकडून गावचा पत्ता लिहून घेतला आणि जिना उतरले.

त्या पत्त्यावर मी तिला पत्र लिहिलं. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. तेच वळणदार अक्षर. 'आई गेली. धाकट्या भावाला इथल्या शाळेत घातलं आहे. माझा बोर्डाचा फॉर्म भरायचा राहून गेला. तुम्ही कशा आहात?'

उत्तराला मी चार-पाच वेळा बसले. प्रत्येक वेळी उपदेशच उतरायचा कागदावर, मग तो फाडायचे. शेवटी पाठवलं तोवर उन्हाळा लागला होता. त्या पत्राला उत्तर आलं नाही.