शेंडेफळाचं टोपरं

माझं माहेर सायखेड्याचं, नोकरी अंबडची. पण खरं गोत विचाराल तर ते कंपनीच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिनं चालवून तपासायच्या खोलीत होतं. गाड्यांच्या डिझेल इंजिनांचं एक अख्खं खानदान माझ्या डोळ्यांदेखत वाढलं. कागदोपत्री त्यांना लांबलचक आकड्यांची नावं होती. ती कोण लक्षात ठेवतं! आम्ही त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणायचो.

मी डिप्लोमा करून लागले तेव्हा थोरल्याचं राज्य होतं. काय तो आवाज, बाई! सुरू झाला की टेबलावरच्या कपातला चहा थरथरायचा. आमचे साहेब म्हणायचे, "मीटर नंतर बघा, आधी ऐका." लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या लोखंडी धडावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतली खडखड थेट डोक्यात. कानांवर मफ लावा, अशी पाटी होती भिंतीवर. पण मफ लावल्यावर ऐकू काय येणार, कप्पाळ? आज माझा डावा कान पार गेलाय, उजव्यात मशीन घालते आणि सुना माझ्याशी ओरडून बोलतात.

मग मधला आला. ब्लॉक थोरल्याचाच, पण त्याला टर्बो बसवलेला. म्हणजे धुराच्या जोरावर गरगरणारं एक छोटं चाक, ते इंजिनात जादा हवा कोंबतं. आमच्याकडे नवं इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी पूजा व्हायची. हळदकुंकू, नारळ, हार. त्या दिवशी सगळ्यांना इतका आनंद झालेला, की लग्नात टाकाव्यात तशा आम्ही त्याच्यावर मुठी भरभरून अक्षता टाकल्या. एअर फिल्टर अजून बसायचा होता, हवा आत जायचं तोंड उघडंच, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही! बटण दाबलं, टर्बोनं तांदूळ आत ओढले आणि अशी किंकाळी फुटली की मी काचेआडून "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडले. चाकाची पाती वाकली होती. साहेब डोक्याला हात लावून तिथेच स्टुलावर बसले. दुसरा टर्बो येईपर्यंत सगळं काम ठप्प.

तो आल्यावर पूजेचा विषय निघाला, तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पूजा टाळायची हिंमत कुणात नव्हती आणि करायचीही. मी घरी जाऊन खणाचा उरलेला तुकडा घेतला, इलॅस्टिक घालून टोपी शिवली आणि मधल्याच्या उघड्या तोंडावर चढवली. साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "अहो, हे तर बाळाचं टोपरं!" तेव्हापासून रिवाजच पडला. टोपरं घातल्याशिवाय अक्षता नाहीत आणि ते माझ्या हातात परत आल्याशिवाय बटण नाही.

धाकट्यालाही टोपरं शिवलं. त्याच्यात कॉम्प्युटर आला, डिझेल थेंबाथेंबाच्या हिशेबानं जायला लागलं, धूर गेला, आवाज मवाळ झाला. मला नाही म्हटलं तरी वाईट वाटायचं. मग मी रिटायर झाले आणि माझ्यामागे चौथा जन्माला आला, धूर गाळायच्या सगळ्या जामानिम्यासकट. ते शेंडेफळ. त्याच्या गाड्या रोज आमच्या दारावरून जातात म्हणे. मला ऐकू येतील तर शपथ!

परवा टेस्टिंगच्या आत्ताच्या साहेबांचा फोन आला. हे माझ्याच हाताखाली शिकलेले. म्हणाले, "ताई, या इंजिनांची लाइन बंद होतेय. शेंडेफळाचं शेवटचं इंजिन गुरुवारी टेस्टला लागतंय. टोपरं घेऊन या." मी नवं शिवलं. पण जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. तिन्ही भावांचा आवाज ऐकला, याचा एकदा तरी कानात पडू दे. दुसरं काही नको.

गुरुवारी पूजा झाली, अक्षता पडल्या, टोपरं काढून मी हातात घेतलं. साहेबांनी बटण दाबलं. काचेपलीकडे इंजिनाचा पट्टा फिरताना दिसला. आवाज? काही नाही. कानातलं मशीन वाढवलं तर नुसती शिट्टी. माझा चेहरा बघून साहेब म्हणाले, "फार शांत आहे हो ताई, आम्हालाही कमीच येतो." मनात म्हटलं, समजूत काढतोय माझी.

मी म्हटलं, "स्क्रू-ड्रायव्हर द्या मला." आता चालू इंजिनाजवळ कुणाला जाऊ देत नाहीत. साहेबांनी क्षणभर विचार केला, वेग अगदी कमी केला आणि स्वतः मला आत घेऊन गेले. टोक ब्लॉकवर टेकवलं. मूठ कानामागे लावली.

अगं बाई! आत थोरला होता. वरून कितीही शहाणा झालेला असो, पोटात तीच दणदण, तोच ठेका. मी रडायलाच लागले, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून.

निघताना टोपरं साहेबांपुढे धरलं. "ठेवा. पुढच्याला होईल."

साहेब माझ्या उजव्या कानाशी वाकले. "ताई, पुढे बॅटरीच्या मोटारी येणार. त्यांना हवा लागत नाही, तोंडच नसतं त्यांना."

मी टोपरं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि रिक्षा बघायला गेटकडे चालू लागले.