पत्र्याचा भोंगा

डब्लिनच्या पार्कात उन्हाळ्यात दर रविवारी एक बँड शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाणी नव्या ठेक्यात वाजवतो. मी फोल्डिंग खुर्ची घेऊन एकटाच जातो. त्यांची पांढऱ्या केसांची गायिका माइक असूनही जुन्या पद्धतीने पत्र्याच्या भोंग्यातून गाते आणि गाणं संपलं की तो रुमालाने पुसत बसते. नाव कधी विचारलं नाही. आज मात्र म्हटलं, “तुमचा एकही सूर चुकत नाही!”

“चुकतो ना,” ती म्हणाली. “पण ही गाणी माहीत असलेलं कुणी उरलंय कुठे, चूक सांगायला?”

घरी येऊन चहा टाकला आणि भावगीत गुणगुणू लागलो. अंतरा चुकला की बायको बाहेरच्या खोलीतून ओरडायची. आज मुद्दाम चुकवला. गॅस बारीक केला आणि कान देऊन उभा राहिलो.