काळ्या कोरीत डोलिना

डोलिना मॅक्रेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या दरीतल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे. कुणाकडे पाळणा हलणार, कुणाचं लग्न फिसकटलं, पाद्रीबाबांना कुणाच्या घरी व्हिस्की जास्त झाली, सगळं तिच्या स्वयंपाकघरातून निघतं आणि दिवस मावळायच्या आत तळ्यापलीकडे पोचतं. आणि तिचा नवरा फार्कर? दगड परवडला! शिकारीला आलेल्या पाहुण्यांना डोंगरावर हरणांपर्यंत घेऊन जायचं हे त्याचं काम, आणि त्या कामात तोंड उघडायचंच नसतं. लोक म्हणायचे, देवाने दोघांना मिळून शब्द दिले होते, ही बया एकटीच सगळे घेऊन बसली.

डोलिना मूळची बेटावरची. इथल्या शिकारीच्या कोठीवर भांडी घासायला आली, दुसऱ्याच हंगामात फार्करशी लग्न लावून बसली आणि स्वयंपाकघराची मालकीण झाली. दर शरदात पाहुणे यायचे, सकाळी ओटची लापशी ओरपून फार्करच्या मागे डोंगर चढायचे आणि संध्याकाळी चिंब होऊन परत यायचे. ज्याने पहिल्यांदा हरणाचा नर टिपला असेल, त्याच्या कपाळाला नि गालांना रक्ताची बोटं ओढलेली असायची. ते रक्त झोपेपर्यंत धुवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मग रात्रीच्या जेवणाला काळ्या कोरीच्या गप्पा रंगायच्या. काळी कोरी म्हणजे दोन शिखरांच्या कुशीतली मोठी खोलगट जागा, हरणांचं माहेरच. डोलिना सूप वाढता वाढता ऐकायची. त्या कोरीचा चिखल तिने नवऱ्याच्या विजारींतून जन्मभर धुतला, पण कोरी काही पाहिली नव्हती.

"मलाही एकदा ने ना रे," ती दर वर्षी म्हणायची.

"हूं," फार्कर म्हणायचा. त्या 'हूं'चा अर्थ 'हो' होत नाही, हे ती लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकली होती.

तर हा फार्करचा शेवटचा हंगाम. डोळ्यांवर वय चढलं होतं, आता नवीन माणूस येणार होता. नरांच्या शिकारीचा तो शेवटचा दिवस, आणि पाळी होती ऑर्म्सबीसाहेबांची. साहेब आपल्या मित्रांचा जथा घेऊन दर वर्षी येणारे, पोटाने आणि मनाने सारखेच मोठे. पण त्या सकाळी ते एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा घालून, भिंत धरत खाली आले. वाताने पायाचा अंगठा सुजून टोमॅटो झाला होता.

"हा दोष तुझा, बाई!" ते डोलिनाला म्हणाले. "रोज ते हरणाचं मटण, वर ती गोड पोर्ट वाइन. वैद्याने दोन्ही बंद केलंय मला."

"मी वाढलं. गिळलं कुणी?"

"तर मग भोग शिक्षा. आज माझ्या जागी तू जायचं."

सगळ्या जथ्याने टेबलं बडवली. मारलेलं हरीण खाली आणणारा तट्टूवाला लॅकी, फार्करचा धाकटा भाऊ, दारात उभा होता. त्याने तर टोपीच उडवली. फार्करने लापशीचा चमचा खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

टेबलं थांबली. का नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. फार्करच्या सबंध नोकरीत एकही जनावर जखमी होऊन डोंगरात निसटलेलं नव्हतं. आंधळे, थरथरे, बढाईखोर असले सतरा नमुने त्याने वर नेले, पण गोळी सुटली की जनावर जागच्या जागी. तेवढीच त्याची कमाई, तेवढंच त्याचं नाव. आज शेवटच्या दिवशी त्याला डाग लागला तर? हे डोलिनालाही कळत होतं. उरलेलं आयुष्य त्याच्यासमोर बसून जेवायचं होतं तिला. पण हौस मोठी वाईट.

"रायफल कधी धरलीस तू?" फार्करने विचारलं.

"माझ्या बापाच्या कोबीवर ससे यायचे, ते काय तुझी आई येऊन मारायची?"

"हे मला कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंस?"

कोठीमागे माळावर लोखंडी पत्र्याचं हरीण उभं असतं. वर जायच्या आधी प्रत्येकाने त्याच्यावर नेम सिद्ध करायचा. डोलिनाने ॲप्रन काढला, गवतावर पालथी झाली आणि गोळ्या झाडल्या. फार्कर चालत पत्र्यापर्यंत गेला, भोकांवरून बोट फिरवून पाहिलं, परत आला.

"कांद्याचा वास मारतोय तुला," तो म्हणाला. "कपडे बदल."

झाली परवानगी! ऑर्म्सबीसाहेबांची विजार सुतळीने कमरेला बांधून डोलिना निघाली, तेव्हा अख्खी कोठी दारात लोटली होती.

"ही अर्ध्या वाटेपर्यंत गप्प राहिली," लॅकी ओरडला, "तर माझं तट्टू रविवारी चर्चमध्ये गाईल!"

लॅकी तट्टू घेऊन ओढ्यापाशी थांबला, पाहुणे दुर्बिणी घेऊन कड्यावर बसले, आणि पुढे उरले नवरा-बायको. वारा तोंडावर घेत, वाकत, मग रांगत, मग चक्क पोटावर. डोलिनाच्या नाकासमोर फार्करच्या बुटांचे तळवे होते. ते बूट रोज रात्री तीच चरबी लावून ठेवायची. थंडगार पाणी साहेबांच्या विजारीत एका बाजूने शिरून दुसरीकडून निघत होतं, कोपरं सोलवटली होती, आणि तिला इतकं सुख झालं होतं की हसू दाबता दाबेना. पण शब्द? एक नाही!

शेवटचा उंचवटा आला आणि काळी कोरी समोर उघडली. तपकिरी गवत, मधोमध चकाकतं पाणी, आणि चहूकडून माजावर आलेल्या नरांचा घुमणारा आवाज. डोलिनाने नवऱ्याचा बूट धरून ओढला. त्याने चिडून मागे पाहिलं. तिने नुसतं समोर बोट दाखवलं. डोळे भरून आले होते तिचे. फार्करनेही मग मान वळवून आपली कोरी पाहिली, घटकाभर पाहतच राहिला.

नर बसलेला होता, माद्यांच्या घोळक्यात. तो उठेपर्यंत पडून राहायचं. डोलिनाची बोटं गारठली, दात वाजू नयेत म्हणून तिने टोपीची कड चावून धरली. अखेर नर उठला, मान ताणून ओरडला आणि आडवा उभा राहिला. फार्करने रायफल तिच्या हातात सरकवली.

"आता, साहेब," तो कुजबुजला. जन्माची सवय, दुसरं काय! एरवी डोलिनाने हसून डोंगर डोक्यावर घेतला असता. आत्ता तिने बोट घोड्यावर नेलं.

आणि नराच्या खांद्यापलीकडे, वाळल्या गवतात, एक छोटासा कान हलला.

तिने बोट काढलं.

"मारा, साहेब."

डोलिनाला कुजबुजणं जन्मात जमलं नव्हतं. बोललं तर नर उधळणार.

"डोलिना! मार!" तो दातांतून फुत्कारला.

तिने मान एवढीशी हलवली. बाजूला फार्करचे दात करकरले. नराने मान खाली घातली, पुढे पाऊल टाकलं, थांबला, आणखी एक टाकलं. मग त्याच्यामागच्या गवतातून एक पाडस निघालं आणि टुणटुणत आईकडे गेलं. डोलिनाला शेजारचा श्वास अडकलेला ऐकू आला. आता फार्करलाही दिसलं होतं.

तिने गोळी झाडली. नर उभ्या जागी कोसळला.

फार्करने टोपी मागे सारली.

"ते पाडस..." तो म्हणाला.

"कुठलं पाडस?" डोलिना म्हणाली.

तेवढ्यात पाहुणे धापा टाकत येऊन पोचले, मागून तट्टू घेऊन लॅकी. "अहो, इतका वेळ का लावलात? आमचा जीव टांगणीला!"

"हात कापत होता," डोलिना म्हणाली.

"कापणारच! असल्या हाताने ससे कसले मेले, कोबी खाऊन हसत घरी गेले असतील!" लॅकीने टाळ्या पिटल्या. फार्कर खाली मान घालून सुरी पुसत होता. मग तो आला, बोटं रक्तात बुडवली आणि तिच्या कपाळावर एक रेघ ओढली. एका गालावर एक, दुसऱ्या गालावर एक. सावकाश, जपून.

"बघा रे बघा!" डोलिना म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत माझ्या गालाला हात लावला तो आज!" फार्करचे कान त्या रक्ताहून लाल झाले.

संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकू दिलं नाही. ऑर्म्सबीसाहेबांनी एका पायावर उभं राहून बटाटे उकडले, तळाशी करपवले, आणि ते मोठ्या कौतुकाने सगळ्यांना वाढले. डोलिना न धुतल्या तोंडाने टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसली. शिकारीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली आणि दर वेळी गोष्टीतला तिचा हात जास्तच कापू लागला. लॅकीने तर नक्कल करताना चमच्यातलं सगळं सूप स्वतःच्याच छातीवर सांडलं. सगळ्यांत मोठ्याने डोलिनाच हसत होती.

तेव्हा फार्कर उभा राहिला. त्या टेबलाशी तो बोलायला कधीच उभा राहिला नव्हता, म्हणून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"हिचा हात कापला नाही," तो म्हणाला. "मी मार म्हणालो तेव्हा नराच्या मागे पाडस होतं. मला दिसलं नाही. हिला दिसलं. हिने माझं ऐकलं असतं, तर गोळी नरातून आरपार जाऊन पाडसाला लागली असती, आणि ते लंगडत कुठेतरी मेलं असतं." तो थांबला. एवढे शब्द त्याला एका दमात सवयीचे नव्हते. "माझं नाव राहिलं ते हिच्यामुळे. बास."

तो खाली बसला. लॅकीने चमचा हळूच ठेवून दिला. ऑर्म्सबीसाहेब बटाट्याचं भांडं हातात धरून तसेच उभे.

डोलिनाच्या डोळ्यांतलं पाणी वाळलेल्या रक्तावरून हनुवटीपर्यंत आलं. मग तिने दोन्ही हातांनी टेबल बडवलं.

"काय माणूस आहे हो हा! जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली होती मी, जेवणापर्यंत टिकवलीसुद्धा. आणि ती फोडली कुणी? ह्या दगडाने!"