नदीच्या खिडकीची चिक

आमची छोटी शिडाची नाव विकायला काढली, तेव्हा क्लबातल्या प्रत्येकाने तोच सल्ला दिला : ते चिनी शीड उतरवा, मूळचं परत लावा, मग गिऱ्हाईक येईल. मी ऐकलं नाही. ते शीड बघूनही कोण येतं, याचीच मला उत्सुकता होती.

नाव घेतली तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे अगदीच पोरकट. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. यमुनेच्या बंधाऱ्याजवळच्या क्लबात जाऊन या बाईंनी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारले. रंग जातो का? बसायला उशी मिळेल का? थर्मास कुठे ठेवायचा? ती पाण्यावर चालते कशी, हे काही विचारायचं सुचलं नाही. वर मयूर विहारातल्या शेजारणींपुढे ऐट, की "मी अगदी चौकशी करून घेतली हो!"

नाव हौसेने चालवणार होते आमचे हे. सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त, बाकी सगळं शाबूत, फक्त गुडघे गेलेले. शिडाखाली एक आडवा दांडा असतो. नाव वळली की तो डोक्यावरून फिरतो आणि आपण पटकन वाकायचं असतं. यांचे गुडघे पटकन काही करत नाहीत. तिसऱ्या फेरीला दांडा टकलावर बसला.

"सरहद्दीवर नाही लागलं ते इथे लागलं," हे डोकं चोळत म्हणाले.

मग यांनीच कुठूनसं चिनी शिडाचं चित्र शोधून काढलं. कापडाला वरपासून खालपर्यंत आडव्या पट्ट्या, दांडा हलका आणि डोक्याच्या बराच वर. दोरी सैल सोडली की सगळं आपोआप घडी होऊन खाली येतं. मी चित्र बघून ओरडलेच, "अहो, ही तर आपल्या बाल्कनीतली चिक!" दिल्लीत उन्हाळ्यात घरोघरी बांबूच्या पट्ट्यांचे पडदे टांगतात, त्या चिका.

तेव्हा गेलो आमच्या चिकवाल्याकडे, पट्ट्या करून घ्यायला. त्याने मापं बघितली, कागद उलटा केला, परत सुलटा केला.

"माताजी, ये परदा किस खिडकी का है?"

"नदी की."

त्याने यांच्याकडे बघितलं. बायकोची अशी अवस्था झालेल्या माणसाकडे बघावं, तसं.

कापड मी शिवलं, जेवणाच्या टेबलावर. एकही सुरकुती नको म्हणून चादरीसारखं ताणून, तबल्याच्या पुडीसारखं घट्ट. पहिल्या दिवशी मी छत्री, पोह्यांचा डबा आणि भरपूर अभिमान घेऊन नावेत बसले. पश्चिमेचा वारा पाठीशी होता. नाव सुसाट निघाली ती थेट पलीकडच्या काठाला, जलपर्णीत. मी टाळ्या वाजवल्या. मग परत फिरायचं म्हटलं, तर नाव फक्त आडवी सरकत राहिली. शेवटी क्लबची मोटारबोट आली, दोरी बांधून आम्हाला ओढत नेलं. काठावरचा नावाडी म्हणाला, "जाती तो बढ़िया है, माताजी. आती नहीं."

वाऱ्याच्या तोंडावर चढून जायचं तर शिडाला पोट, म्हणजे फुगवटा लागतो, हे मला नंतर कळलं. चाळीस वर्षं स्वतःची पोलकी बेतणारी बाई मी! फुगवट्यासाठी टक्सच्या चिमट्या न घालता कधी पोलकं शिवलं असतं का? पण शीड म्हटल्यावर अक्कल गहाण टाकली. अख्खा हिवाळा शिवण उसवून, पट्ट्या-पट्ट्यांमधल्या कापडाला टक्स घातले. मार्चमध्ये नाव गेली आणि आलीसुद्धा.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही गेलो-आलो. मग यांची नजर अधू होत गेली, काठ दिसेनासा झाला. आता हे काठावर खुर्ची टाकून बसतात आणि दुसऱ्यांची शिडं ऐकतात. विकायला हो म्हणाले ते एका अटीवर : नाव पाण्यावरच राहिली पाहिजे.

पहिले गृहस्थ गुडगावहून आले. शीड बघून खूश झाले, म्हणाले फार्महाऊसच्या लॉनवर ठेवू, आत फुलझाडं लावू. मी कौतुकाने यांना सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "बिल्कुल. आधी मला आत बसव, मग माती टाक."

ते गृहस्थ गेले.

मग द्वारकेहून एक बाई आल्या. मराठी, लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जड शीड ओढता येत नव्हतं, दोन वर्षं पाण्यावर गेल्या नव्हत्या. त्यांनी रंग विचारला नाही की उशी विचारली नाही. दोरी हातात घेऊन शीड एकदा वर केलं, एकदा सोडून दिलं, आणि खटखट घड्या पडताना बघत राहिल्या.

"परत येते का, ताई?"

बासष्टची ती बाई असती तर म्हणाली असती, बाणासारखी येते. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण मी म्हटलं, "येते. पण वारा डावीकडून असला की रुसते. त्या बाजूला शीड डोलकाठीवर दाबलं जातं, टक्सचं पोट चपटं होतं. वेळ लावते."

"लावू दे. माझा डावा खांदाही रुसूबाईच आहे," त्या म्हणाल्या आणि एकट्याच नाव घेऊन निघाल्या.

मी त्यांची पर्स सांभाळत काठावर उभी. नाव लहान होत गेली. वारा तोच, पश्चिमेचा. पलीकडे जलपर्णीपाशी ती थबकली.

"वळली का गं?" यांनी विचारलं.

"नाही अजून."

"वळली," हे म्हणाले. "पट्ट्या वाजल्या."

इतक्या लांबून पट्ट्या ऐकू येतात का, मला माहीत नाही. मी छत्रीआडून नीट बघितलं. शीड दुसऱ्या अंगाला गेलं होतं. मग नागमोडी, एकदा रुसत, एकदा चढत, नाव आमच्याकडे यायला लागली.

बाई उतरल्या त्या घामाघूम, साडीचा काठ ओला. मी पर्स पुढे केली, तर त्यांचं लक्षच नाही. त्या यांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"कर्नलसाहेब, पुढे बसायला माणूस लागतो. वजनाला."

"मला दिसत नाही हो," हे म्हणाले.

"तुम्हाला कुठे चालवायचीय? तुम्ही फक्त बसायचं."

हे उठले. गुडघे कुरकुरले, ते मात्र मला इथवर ऐकू आलं.