आतली कडी

नशेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या खोलीला आतून कडी असावी की नसावी, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. धुळ्यात अशा माणसांसाठी एक निवारा उभा राहत होता. गोळी सुटली नाही तरी छप्पर सुटू नये, हे त्याचे तत्त्व. शाळेतून निवृत्त झालेला मी त्याची नियमावली लिहीत होतो.

पहिला रहिवासी पूर्वी नरडाण्याला कारखान्यात कामाला होता. पुढे बसस्टँडवर झोपू लागला. त्याच्या मोठ्या बहिणीने पहिल्याच बैठकीत सांगितले, "कडी नको, गुरुजी. न्हाणीनी कडी तोडीसन काढेल शे मी याले."

भाऊ उसळला. "स्टँडवर झोपमा पायमाईन जोडा काढी लेतस लोके! अक्का, तुन्हा कोंबडासना खुराडाले बी कडी शे. माले नही?"

दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणून मी दोन्ही जोडली. कडी आतूनच लागेल. पण फटीतून चपटी पट्टी सारली की ती बाहेरून उचलता येईल. पट्टी व्यवस्थापकाकडे. आणि खेड्यात ओट्यावरून जाणारा सहज विचारतो तसे येता-जाता विचारायचे, "घरमा शे का रे भाऊ?" आतून "शे, शे" आले की पुढे जायचे. आधी हाक, मग पट्टी.

वैशाखातल्या एका दुपारी बहीण भाकरी घेऊन आली. तिने हाक मारली. उत्तर नाही. मी मारली. आत फक्त पंखा फिरत होता. व्यवस्थापकाने पट्टी सारली. ती फटीत अडली. "सरका!" म्हणत बहिणीने ती हिसकावली, तिरकी धरली आणि कडी वर गेली.

तो उताणा पडला होता. ओठ काळसर, श्वास लांब अंतराने. आम्ही त्याला कुशीवर वळवले, रुग्णवाहिकेला फोन केला. ती येईपर्यंत बहीण त्याच्या कानाशी एकच म्हणत होती, "श्वास ले रे, भाऊ. श्वास ले."

तो वाचला. पुढच्या बैठकीत मात्र काहींनी कडी काढा म्हटले, काहींनी त्यालाच काढा म्हटले. तो कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता.

"कडी व्हती म्हणीसन मी आठे व्हतू," तो म्हणाला. "नही तं स्टँडमांगे व्हतू. तठे माले कोण हाक मारी?"

मग बहीण माझ्याकडे वळली. "तशी एक पट्टी मन्हाजोडे बी ऱ्हावू द्या, गुरुजी."

"आधी हाक मारजो, अक्का," तो म्हणाला.

नियमावलीत कडी राहिली, आणि तोही राहिला. फट तेवढी आम्ही कानसीने रुंद करून घेतली.

माझे उत्तर बरोबरच आहे असे धरून चालू नका. आपल्या घरातील न्हाणीची कडी आतून लावायला सांगा, बाहेर उभे राहा, आणि ती उघडता येते का हे कृपया स्वतः तपासून पाहा.